सिक लाईनवरचा डबा

आबा,

तुमचं यार्ड आज दुपारी अंगणात आणून ठेवलं आहे. आधी सगळे डबे उचलून सुपात ठेवले, मग मी आणि मिस्त्री अशा दोघांनी तुमची खेळण्यातली रेल्वे मांडलेला तो लाकडी तखतपोस आडवातिरपा करत मागच्या खोलीच्या दारातून बाहेर काढला. त्यात सिग्नलचे दोन खांब मोडले आणि मोंढ्यापुढची एक गाय कुठं गेली ती अजून सापडलेली नाही. शनिवारपासून त्या खोलीत संडास-बाथरूमचं काम सुरू होतंय. गेल्या महिन्यात आई अंगणातल्या संडासाकडं जाताना घसरली, गुडघा सुजला, आणि तेव्हापासून तिनं एकच लावून धरलंय की घरातच सोय करा. मी वसमतहून औंढ्यामार्गे एसटीनं आलो ते हेच काम उरकायला. येताना मनात भाषण तयार केलं होतं, की आई, त्या माणसानं आयुष्य घातलंय त्यात, थोडं सबुरीनं घेऊ. तिनं ते पहिल्याच वाक्याला मोडलं. म्हणाली, "मला शनवारी संडास पायजे, रेल्वे न्हाई. ती काय मला हात धरून नेणार हाय का?" ताईला वाशीमला फोन लावला, तर ती म्हणाली, तू घेऊन जा नाहीतर चुलीत घाल, पण आईला रखडवू नको. तेव्हा तुमच्या यार्डाचा निकाल आज माझ्याकडं आहे. तुम्ही हयातीत मला कधी कुठला अधिकार दिला असेल तर तो हा, आणि हाही मेल्यावर बारा वर्षांनी.

अधिकार दिला नाही असं मी लिहिलं खरं, पण ते चूक आहे. एक दिला होता. त्याचीच तर गोष्ट आहे.

हिंगोलीला छोटी लाईन होती तेव्हा तुम्ही यार्डात शंटिंग जमादार. दिवसभर हिरवी-लाल झेंडी, शिट्टी, हा डबा तोड, तो जोड. मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात हे मी शाळेत शिकून आलो, तर तुम्ही इतके हसलात की आईला खोलीतून बाहेर यावं लागलं. "मग आमी रोज वाघिणी ढकलून राहिलो व्हय," असं तुम्ही तिला सांगितलं होतं. दिवसभर खरे डबे ढकलून आलेला माणूस संध्याकाळी घरी येऊन खोटे डबे ढकलतो, याचा अर्थ लावायला मला शास्त्राचा आधार अजून सापडलेला नाही. मोडक्या छत्र्यांच्या काड्यांचे रूळ, काडेपेटीच्या काड्यांचे स्लीपर, डालड्याच्या डब्याचा पत्रा कापून केलेले वॅगन, पावडरच्या डब्याचं इंजिन. मोटार नाही, वीज नाही. टोकाला आकडा वळवलेली एक तार घ्यायची आणि तिनं डबा ओढायचा, जसा यार्डात ओढला जातो तसा, घाई न करता. आणि यार्डाभोवती गाव. तारेला सुती दोरा गुंडाळून केलेली माणसं. मोंढ्यात हमाल, पाठीवर चिंधीची पोती, आणि त्या पोत्यांत खरोखरची हळद भरलेली. चहाच्या टपरीवर बाकावर झोपलेला पोलीस. नळावर हंडा घेऊन उभी एक बाई, हिरव्या लुगड्याची, ती आई. शाळेच्या रस्त्यावर दोन वेण्यांची ताई. फाटकाशी मेंढ्यांचा कळप, जिनिंगमधल्या सरकीच्या कापसाचा, आणि त्यांच्यामागं घोंगडी घेतलेला मेंढपाळ. कनेरगाव नाक्याकडचा एक मेंढपाळ खरंच रोज फाटकात अडकायचा आणि तुम्हाला शिव्या द्यायचा. तुम्ही त्याला इथंही अडकवून ठेवलात. स्टेशनच्या घड्याळात कायमचे सव्वाआठ. तिथं तुम्ही स्वतःही होता, झेंडी घेऊन, शंटिंग जमादारच. हक्काची रेल्वे असूनही स्वतःला एक पायरी बढती न देणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तुमच्या रेल्वेत घरातल्या प्रत्येकाला नोकरी होती. ताई मालबाबू, ती प्रत्येक डब्याची चिठ्ठी वाचायची, काय माल, कुठून, कुठं. आई फाटकवाली. ती चुलीपुढून उठायची नाही, भाकरी थापता थापता तिथूनच ओरडायची, "व्हय, लावलं फाटक." मला तुम्ही टीएक्सआर केलं. लोक विचारतात टीएक्सआर म्हणजे काय, तर गाडी सुटण्याआधी डब्याडब्याखाली वाकून बघणारा, चाकावर हातोडी मारून आवाज ऐकणारा. खणखणीत वाजलं तर चाक चांगलं, बद्द वाजलं तर कुठंतरी तडा. तो फिट म्हणत नाही तोवर गाडी हलत नाही, मग स्टेशनमास्तर का येईना. त्यानं एखाद्या डब्याला सिक, म्हणजे आजारी, म्हटलं की तो डबा खडूनं खूण करून बाजूच्या रुळावर, सिक लाईनवर, ढकलायचा. तिथून तो निघतो तोही टीएक्सआरनंच फिट म्हटल्यावर. हे सगळं तुम्ही मला खाली बसवून, माझ्या डोळ्यांच्या पातळीला येऊन समजावलं होतं. मी अकरा वर्षांचा. माझी हातोडी म्हणजे चहाचा चमचा. मी बारा डबे वाजवतो, प्रत्येक चाकाला कान लावतो, तुम्ही आकडा हातात घेऊन थांबलेले असता, ताई कंटाळून वेणीचं टोक चावतेय, आणि मी म्हणतो, फिट. मग गाडी निघते, तखतपोसाला वळसा घालून भिंतीजवळच्या बोगद्यात, म्हणजे बुटाच्या खोक्यात, जाते. तेवढ्या एका शब्दासाठी मी दिवसभर शाळेत बसायचो असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण अतिशयोक्ती हाही अलंकारच आहे.

मग एका रविवारी तुम्ही मोठ्या स्टेशनमास्तर साहेबांना चहाला बोलावलंत. आईनं पोहे केले, शेजारून काचेचे कप आणले. पेढे आणले होते ते साहेबांसमोर ठेवले होते आणि गाडी सुटेपर्यंत कुणी हात लावायचा नाही असा तुमचा हुकूम होता. तुम्ही दोन दिवस आधीपासून रूळ पुसत होतात. साहेब पांढरी पँट घालून खुर्चीवर बसलेले, तखतपोसाच्या अगदी कडेला. ताईनं चिठ्ठ्या वाचल्या, आईनं फाटक लावलं, तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. मी पेढ्यांकडं पाहत होतो. चमचा माझ्या हातात होता, पण मी एकही चाक वाजवलं नाही. नुसतं म्हटलं, फिट.

नवव्या डब्याचं चाक पहिल्याच वळणावर निखळलं. मागचे डबे त्याच्यावर चढले, हळदीची पोती उडाली आणि साहेबांची पांढरी पँट मांडीपासून गुडघ्यापर्यंत पिवळी झाली. माणूस चांगला, पोट धरून हसले, म्हणाले, "जमादार, लग्नाआधीच हळद लावली तुम्ही." तुम्हीही हसलात. ते गेले, आईनं कप विसळले, तेव्हा तुम्ही खडू घेतलात. आवाज चढवला नाहीत. "न बघता फिट म्हणला तू," तुम्ही म्हणालात. "यार्डात माणूस मेला असता." त्या डब्यावर खडूनं सिक लिहिलंत आणि आकड्यानं ढकलत ढकलत सिक लाईनवर नेऊन उभा केलात. मारलं असतंत तर बरं झालं असतं. मार संध्याकाळपर्यंत उतरतो. पेढा तुम्ही मला दिलात, आणि तो मी खाल्ला, हेही लिहून ठेवतो, नाहीतर वाटेल मी फार मानी पोरगं होतो.

दुसऱ्या दिवशी मी खोलीत गेलो नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. मला वाटत होतं तुम्ही बोलवाल. आपल्या घरात मागची खोली आणि पुढची खोली यांच्यात अंगण, बारा पावलं. मी पुढच्या खोलीत पुस्तक उघडून बसायचो आणि पावलांचा अंदाज घ्यायचो. तुम्ही आला नाहीत. आठवड्यानं मी गुपचूप डोकावलो तर नववा डबा तसाच सिक लाईनवर, चाकाविना कलंडलेला, आणि त्याच्याशेजारी एक नवा माणूस. तारेचा, निळ्या दोऱ्याचा, हातात इवलीशी हातोडी. मला कळलं की तुम्ही माझ्या चुकीवर पहारा बसवलाय. येणाऱ्याजाणाऱ्यानं बघावं म्हणून डबा दुरुस्त करत नाही आहात. मी दार लावलं आणि परत त्या खोलीत पाय ठेवला नाही. संस्कृतात माणसाला हाक मारायला वेगळं रूपच आहे, तेवढ्यासाठीच राखून ठेवलेलं. आपल्या घरात ती सोय नव्हती. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या म्हाताऱ्या शास्त्रीबुवांकडं मी त्याच पावसाळ्यात संस्कृत शिकायला जायला लागलो आणि संध्याकाळी, बरोबर तुमच्या मागच्या खोलीतल्या ड्यूटीच्या वेळेला, पुढच्या खोलीत शब्द घोकायला लागलो. रामः रामौ रामाः. पुढं मॅट्रिक झाल्यावर नांदेडला शिकायला गेलो, तेव्हा स्टेशनवर तुम्ही माझी ट्रंक उचलून दिलीत आणि म्हणालात, "बराबर ठेव, सामान वरच्या फळीवर." एवढंच. संस्कृत घेऊन मी काय करणार हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. बक्षीस मिळालं तेव्हा ताईनं तुम्हाला वाचून दाखवलं म्हणे, तर तुम्ही म्हणालात, चांगलं हाय. ओल वाळल्यावर भिंतीला म्हणावं तसं.

आज मी कॉलेजात शिकवतो. मार्कांसाठी विषय घेतलेली मुलं असतात, माझ्या तोंडाकडं न बघता लिहून घेतात. मला त्याचा त्रास होत नाही, तालीम लहानपणीच झालेली. लोक मला म्हणतात, सर, तुमच्या वडिलांनी केवढी कला केली, एकदा दाखवा ना. मी म्हणतो, त्यांच्या मुलाला दाखवायची राहिली, मग तुमचा नंबर. लोक हसतात. मी बोलतो ते गमतीत घ्यायची त्यांना सवय आहे.

शेवटच्या आठ दिवसांत मी नांदेडच्या दवाखान्यात तुमच्या उशाशी होतो. तोवर मोठी लाईन होऊन हिंगोलीचं जुनं यार्ड उखडून गेलं होतं, आणि तुम्ही बोललात तर त्याच यार्डाबद्दल. रुळांचा कुठला सांधा कडक होता, कुठल्या डब्याचा हूक दगा द्यायचा. माझ्याबद्दल, आईबद्दल काही नाही. सातव्या दिवशी भिंतीकडं तोंड करून तुम्ही विचारलंत, "गाडी गेली का?" मी मोसंबी सोलत होतो. म्हटलं, गेली. मग तुम्ही मान वळवून माझ्याकडं पाहिलंत, खूप वेळानं असं सरळ पाहिलंत, आणि विचारलंत, "फिट कुनी दिली?" मी म्हटलं, नर्स येतेय. तापात बरळताय असं मी ताईला फोनवर सांगितलं. राग आला होता मला. मरतानासुद्धा या माणसाला रेल्वेच, असं वाटलं होतं. तो राग मी बारा वर्षं नीट सांभाळून ठेवला. आज इथं येताना एसटीतही तो बरोबर होता, वरच्या फळीवर.

तर आज दुपारी. तखतपोस हलवल्यावर खाली पत्र्याची पेटी निघाली. तीत चिंध्या, पक्कड, दोऱ्याची रिळं आणि लांबट रजिस्टरं, सात. बाहेरून अगदी यार्डातल्यासारखी, पुठ्ठ्याला लाल कापड. मला वाटलं माल-आवकीची खोटी नोंद असेल. पहिली काही पानं तशीच आहेत: अमुक गाडी, डबे बारा, टीएक्सआर हजर, फिट, गाडी रवाना. रोज. मग तो रविवार येतो. तिथं तुम्ही लिहिलंय, डबा नऊ सिक. आणि दुसऱ्या दिवसापासून एकच ओळ. गाडी तयार. टीएक्सआर गैरहजर. गाडी उभी. पुढच्या दिवशी तेच. पान उलटलं, तेच. तुमचं ते उजवीकडं कललेलं अक्षर, रोजची संध्याकाळ, एक ओळ. मी दोन पानं वाचून रजिस्टर मिटणार होतो, मिटलं नाही. मी नांदेडला गेलो तेव्हा ओळ बदलते: टीएक्सआर बाहेरगावी, गाडी उभी. दिवाळीच्या सुट्टीत: टीएक्सआर घरी आहे, यार्डात आला नाही. माझ्या लग्नाच्या दिवशी: टीएक्सआरचं लग्न, यार्ड बंद. शेवटच्या रजिस्टरात, दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या दिवशी, अक्षर ओळ सोडून खाली गेलंय, फक्त दोन शब्द आहेत. गाडी तयार.

म्हणजे त्या रविवारनंतर तुमच्या यार्डातून एकही गाडी सुटली नाही. तुम्ही डबे इकडचे तिकडं करत होतात, पण गाडी सोडत नव्हतात, कारण तुमच्या नियमात फिट म्हणणारा एकच होता. नववा डबाही तुम्ही म्हणूनच दुरुस्त केला नाहीत. आणि तो निळ्या दोऱ्याचा माणूस मी आज पहिल्यांदा हातात घेतला. बाकीच्या माणसांपेक्षा तो दोन बोटं आखूड आहे. पहारेकरी नव्हता तो. माझी जागा रिकामी दिसू नये म्हणून तुम्ही बदली टीएक्सआर नेमला होतात, आणि त्यालाही फिट म्हणायचा अधिकार दिला नव्हतात. मूर्ती म्हणून तो माझ्यापेक्षा आज्ञाधारक. इतकी वर्षं जागेवरून हलला नाही.

हे वाचून मी विरघळलो असं समजू नका. उलट मला संताप आला. रोज एक ओळ लिहायला वेळ होता तुम्हाला, आणि बारा पावलं टाकायला नव्हता? अकरा वर्षांच्या पोराला गैरहजर लावता, कोर्टासारखं? मी रजिस्टर घेऊन आईकडं गेलो. ती अंगणात बाजेवर बसून लसूण सोलत होती. तिला वाचता येत नाही, तेव्हा मीच वाचून दाखवलं, जरा मोठ्या आवाजातच. म्हटलं, बघ तुझ्या नवऱ्यानं काय केलंय. एवढं लिहिलं, पण मला एकदा हाक मारली असती तर काय बिघडलं असतं.

आई लसूण सोलतच राहिली. म्हणाली, "रोज तर मारायचे."

मी म्हटलं, कधी?

"रोज. गाडी लावली की आतूनच इचारायचे, टीएक्सआर आला का? मी चुलीपुढून म्हणायचे, लेकरू अभ्यास करून राहिलं. मंग लिहायचे. पार तू नांदेडला जायपर्यंत." मग तिनं मान वर केली. "तुला काहून ऐकू नसंल आलं? अंगणाच्या अल्याड तर बसायचास."

मी म्हटलं, नाही बुवा, मला कधी ऐकू आलं नाही.

ती म्हणाली, "व्हय. मोठ्यानं म्हणायचास ना तू."

त्यात टोमणा होता की नव्हता हे तिच्या तोंडावरून कळलं नाही. ती तुमच्याच घरात मुरलेली. लसणाची सालं फुंकून ती म्हणाली, आता मिस्त्रीला सांग, सोमवारी ये म्हणावं, दोन दिवसांनी माझा काय गुडघा मोडत न्हाई. मी म्हटलं, नको, शनिवारीच येऊ दे. यार्ड मी वसमतला नेतोय, टेम्पो ठरवलाय, तिकडं माडीवर जागा आहे. बायको काय म्हणेल ते तुम्हाला नंतर कळवीन म्हणावं तर तीही सोय नाही.

आत्ता ऊन भिंतीवरून उतरलंय. सुपातले अकरा डबे मी परत रुळावर लावले आणि चहाच्या चमच्यानं एकेक चाक वाजवलं. पत्रा गंजलाय, पण आवाज चांगला येतो. नववा सिक लाईनवर आहे, खडू पुसट झालाय, तो मी पुसलेला नाही. फिटही म्हटलं नाही. ऐकणारं कुणी नव्हतं, आणि या घरात मी तो शब्द एकदा न बघता वापरलेला आहे. हे पत्र सातव्या रजिस्टरात तुमच्या शेवटच्या ओळीपाशी घालून ठेवतो, तिथून ते कुठं जाणार नाही.

वर मी लिहिलंय की तुम्ही बोलावलं नाहीत, आणि बारा पावलं वगैरे. ते खोडत नाही, इतकी वर्षं तेच म्हणत आलोय, वर्गातसुद्धा. पण तुमची हाक मला ऐकू यायची, आबा. पहिल्या दिवसापासून. तुम्ही माझं नाव घेत नव्हतात, हुद्दा विचारत होतात, म्हणून मी ठरवलं होतं की ती मला मारलेली हाक नाही. रामः रामौ मी हळूच म्हणत असायचो. तुमचा आवाज आला की चढवायचो.